मिनिफाय करू की ऑबफस्केट? पहिल्यांदाच प्रोडक्शनला कोड टाकताना असं ठरवा

"कोड ऑबफस्केट करून टाक, साइट फास्ट पण होईल आणि कोड चोरीला पण जाणार नाही" असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी दिलाच असेल. मिनिफाय करणं म्हणजे फाइल लहान व्हावी म्हणून कोडातलं अनावश्यक काढून टाकणं, आणि ऑबफस्केट करणं म्हणजे कोड मुद्दाम वाचायला अवघड करणं. तो सल्ला दोन्हीकडून चुकतो. ऑबफस्केट केल्याने साइट फास्ट होत नाही, झालीच तर स्लो होते, आणि चोरी थांबत नाही, चोराला फक्त जास्त वेळ बसावं लागतं. गोंधळ होण्याचं कारण साधं आहे, मिनिफाय केलेली फाइल उघडा नाहीतर ऑबफस्केट केलेली, दोन्हींकडे बघून नवीन माणसाला एवढंच वाटतं की हे वाचता येत नाहीये, म्हणजे एकच प्रकार असणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. मिनिफिकेशन करायचं की नाही याच्यावर विचार करत बसू नका, वेबसाठी ते करायचंच असतं. विचार करायचा तो ऑबफस्केशनचा, आणि दहातल्या बहुतेक प्रोजेक्टला त्याचं उत्तर "नको" असंच येतं. उरलेल्यांना कुठे आणि किती लावायचं ते खाली येईलच.

पायरी १: दोन्हीचं आउटपुट स्वतः बघा

वाचून नाही कळत हे, करून बघावं लागतं. जावास्क्रिप्टचं एक छोटं फंक्शन लिहा. नाव समजा कॅल्क्युलेट-डिस्काउंट, पॅरामीटर दोन, टोटल आणि कस्टमर-टाइप. वर दोन ओळींची कमेंट. आत रेट नावाचं व्हेरिएबल, कस्टमर-टाइप 'गोल्ड' असेल तर रेट ०.१५, नाहीतर ०.०५, आणि शेवटी हिशोब करून आकडा रिटर्न. सात-आठ ओळींचं काम.

आता हे टर्सर किंवा ईएस-बिल्ड या मिनिफाय करणाऱ्या टूलमधून काढा. कमेंट गेली, स्पेस आणि एंटर गेले, टोटलचं एका अक्षराचं नाव झालं, इफ-एल्स जाऊन प्रश्नचिन्हवाला टर्नरी आला, रेट नावाचं व्हेरिएबलच बहुतेक उडालं कारण त्याची गरज नव्हती, आणि ०.१५ मधलं पुढचं शून्यसुद्धा गेलं. हावरटपणा म्हणाल तर हाच. पण 'गोल्ड' ही स्ट्रिंग जशीच्या तशी आहे, आणि लॉजिक सरळ वाचता येतं. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये फाइल उघडून महिरपी कंसाच्या बटणावर क्लिक केलं की ओळी परत सुट्या होतात, नावं सोडली तर सगळं समोर. मिनिफायरला काही लपवायचंच नव्हतं, त्याला फक्त बाइट वाचवायचे होते.

तेच फंक्शन जावास्क्रिप्ट-ऑबफस्केटर नावाच्या एनपीएम पॅकेजमधून काढा आणि स्ट्रिंग ॲरे, कंट्रोल फ्लो फ्लॅटनिंग (स्टेटमेंटचा सरळ क्रम विस्कटणं) हे पर्याय चालू ठेवा. आता 'गोल्ड' फाइलच्या वर एका ॲरेमध्ये जाऊन बसलंय, बाकीच्या स्ट्रिंगांबरोबर, बऱ्याचदा एन्कोड होऊन, आणि तो ॲरे सुरुवातीलाच फिरवून ठेवलाय म्हणजे मोजून कितवा ते सांगता येणार नाही. फंक्शनच्या आत 'गोल्ड'च्या जागी एका डीकोडर फंक्शनला हेक्स नंबर देऊन केलेला कॉल दिसतो. नावं सगळी अंडरस्कोर-शून्य-एक्सने सुरू होणारी, एकाकडून दुसऱ्याकडे नजर गेली की पहिलं विसरतो. आणि जिथे एकाखाली एक सरळ स्टेटमेंट होती तिथे कधी कधी '४|२|०|१|३' अशी स्ट्रिंग दिसते, ती उभ्या रेघेवर तोडायची, मग न संपणारा व्हाइल लूप, त्यात स्विच, आणि त्या आकड्यांच्या क्रमाने एकेक केस चालवायची. काम तेच, आकडा तोच. सात-आठ ओळींचं फंक्शन स्क्रीनभर पसरलं.

म्हणजे बघा, मिनिफायर फाइल लहान करतो, ऑबफस्केटर मोठी करतो. या पॅकेजच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की कंट्रोल फ्लो फ्लॅटनिंगने रनटाइम १.५ पटीपर्यंत स्लो होऊ शकतो आणि डेड कोड इंजेक्शन म्हणजे खोटा कोड मध्ये घुसडणं, त्याने साइज २०० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. बनवणाराच सांगतोय तर ऐकावं.

पायरी २: कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा

काय लपवायचंय, कुणापासून लपवायचंय, आणि किती दिवस लपून राहिलं तर पुरेल. "आमचा कोड" हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. लॉगिन फॉर्म, टेबल, ड्रॉपडाउन हे सगळ्यांकडे असतं, ते कुणी चोरायला येत नाही. नेमकं कुठलं फंक्शन, कुठला अल्गोरिदम, कुठला चेक, ते लिहा. अर्ध्या लोकांचा विषय इथेच संपतो कारण लिहायला काही निघतच नाही.

पहिल्या प्रश्नाला "एपीआय की" किंवा "डेटाबेसचा पासवर्ड" असं उत्तर आलं तर थांबा. ऑबफस्केशनचा विचार सोडा, ती की आधी क्लायंटवरून, म्हणजे ब्राउझरला जाणाऱ्या कोडातून, काढा. ब्राउझरला ती की वापरायची आहे म्हणजे कधी ना कधी ती खऱ्या रूपात मेमरीत येणार आणि नेटवर्क रिक्वेस्टमध्ये जाणार, मग तुम्ही फाइलमध्ये कितीही गुंडाळा, डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये ती उघडी दिसते. कोड वाचायचीसुद्धा गरज नाही. की सर्व्हरवर ठेवा, ब्राउझरने तुमच्या सर्व्हरला विचारायचं, सर्व्हरने पुढे विचारायचं.

इथे नवीन लोक हमखास अडकतात ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडाबाहेर वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेल्या सेटिंगमध्ये. एनव्ही फाइलमध्ये ठेवलंय म्हणजे सेफ आहे असं वाटतं, पण नेक्स्ट-जेएसमध्ये ज्या नावाच्या सुरुवातीला नेक्स्ट-पब्लिक आहे किंवा वीट या टूलमध्ये ज्याच्या सुरुवातीला वीट-अंडरस्कोर आहे ते बिल्ड करताना सरळ बंडलमध्ये, म्हणजे ब्राउझरला जाणाऱ्या एकत्र फाइलमध्ये, छापलं जातं. डिझाइनच तसं आहे. काही की मुळातच उघड राहायला बनवलेल्या असतात, उदाहरणार्थ स्ट्राइपची पब्लिशेबल की, ती ब्राउझरमध्ये दिसली तर काही बिघडत नाही, सिक्रेट की दिसली तर सगळंच बिघडतं. मॅपच्या कीसारख्या काही कींना कुठल्या डोमेनवरून चालायचं ते बांधून ठेवता येतं, ते करा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बघा. सहज डेव्हटूल्स उघडून बघणारा माणूस असेल तर मिनिफाय केलेला कोड बघूनच तो कंटाळतो. मुद्दाम ठरवून, पैशासाठी, दोन-चार दिवस बसणारा असेल तर ऑबफस्केशनने तो दमतो, थांबत नाही. हा काही नुसता अनुभवाचा मुद्दा नाही, २००१ मध्ये बराक आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं की कुठलाही प्रोग्राम आदर्श पद्धतीने लपवून देईल असा सर्वसाधारण ऑबफस्केटर बनूच शकत नाही. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच घ्या की विकणारा "अनब्रेकेबल" म्हणाला की विषय बदला.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा आणि तोच कुणी विचारत नाही. गेमचं चीट-डिटेक्शन दर दोन आठवड्यांनी बदलणार असेल तर ते दोन आठवडे टिकलं की जमलं, तिथे ऑबफस्केशन भारी काम करतं. पण एखादा फॉर्म्युला पाच वर्षं गुपित राहिला पाहिजे असं असेल तर तो क्लायंटला पाठवायचाच नाही, त्याला दुसरा उपाय नाही.

पायरी ३: मिनिफिकेशन लावा, म्हणजे बहुतेक ते लागलेलंच असेल

आताच्या टूलमध्ये वेगळं काही करावं लागत नाही. वेबपॅक हे बिल्ड टूल प्रोडक्शन मोडमध्ये चालवलं की टर्सर आपोआप लागतो, वीटचं बिल्ड पण मिनिफाय करूनच देतं. आधी तपासा मग प्लगइन शोधा, नाहीतर मिनिफाय झालेल्या कोडवर परत मिनिफायर चालवत बसाल आणि बिल्ड टाइम वाढेल. सीएसएससाठी सीएसएस-नॅनो वगैरे आहेत, तेही फ्रेमवर्कने लावलेलं असू शकतं.

किती फरक पडतो ते जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीवरून कळेल, ३.७.१ ची साधी फाइल साधारण २८० केबी आहे, मिनिफाय केलेली ८७ केबीच्या आसपास, आणि सर्व्हरने जीझिप करून, म्हणजे दाबून, पाठवली की ३० केबीच्या जवळपास. म्हणजे मिनिफाय एकट्याने नाही, जीझिप किंवा तसंच काम करणारं ब्रॉटली सर्व्हरवर चालू असायला पाहिजे. "जीझिप आहे ना, मग मिनिफाय कशाला" असं पण विचारतात. तर जीझिप फक्त वाटेतले बाइट कमी करतं, ब्राउझरला पोचल्यावर पूर्ण फाइल पार्स करावीच लागते, आणि कमेंट काय, न वापरलेला कोड काय, जीझिप तो दाबून पाठवतं, काढून टाकत नाही.

नोडवर चालणाऱ्या साध्या बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरवरच्या कोडला, मिनिफायची फारशी गरज नसते, ती फाइल कुणाच्या मोबाइलवर डाउनलोड होत नाहीये.

मिनिफायने काय मोडतं? कमी मोडतं, पण मोडतं तेव्हा वेड लागायची पाळी येते, कारण लोकलला सगळं चालतं आणि प्रोडक्शनलाच नाही. तुम्ही कुठे क्लासचं किंवा फंक्शनचं नाव रनटाइमला स्ट्रिंग म्हणून वाचत असाल, म्हणजे कन्स्ट्रक्टरचं नाव 'पेमेंट-एरर' आहे का वगैरे, तर मिनिफायनंतर ते नाव एक अक्षर झालेलं असतं आणि कंडिशन कधीच खरी होत नाही. जुन्या अँग्युलर-जेएसमध्ये तर पॅरामीटरच्या नावावरून डिपेंडन्सी ओळखायचे, तिथे हे ठरलेलं दुखणं होतं, म्हणून नावांचा ॲरे वेगळा लिहायची पद्धत आली. टर्सरमध्ये फंक्शनची आणि क्लासची नावं राखून ठेवायचे पर्याय आहेत, पण त्यापेक्षा नावावर अवलंबून राहायचंच बंद करा. आणि प्रॉपर्टीची नावं लहान करायचा जो पर्याय असतो त्याला हात लावू नका, तो उगाच बंद ठेवलेला नाहीये, एपीआयमधून येणारा जेसन डेटा त्या नवीन नावांनी येणार नाही.

लायसन्सच्या कमेंट जपल्या जातात का ते पण एकदा बघा. उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या किंवा ॲट-लायसन्स लिहिलेल्या कमेंट मिनिफायर साधारणपणे ठेवतात, वेबपॅक त्या वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये काढतं. ती फाइल कचरा समजून डिलीट करू नका.

पायरी ४: सोर्स मॅपचं काय करायचं ते आत्ताच ठरवा

मिनिफाय केलं की एरर येतो तो "पहिल्या ओळीच्या ४८ हजाराव्या कॉलमला" असा, त्याचं काय करणार? त्यासाठी सोर्स मॅप, ती फाइल कुठली जागा मूळ कोडात कुठे होती ते सांगते. पण बहुतेक वेळा तिच्यात तुमचा मूळ कोडच कमेंटसकट भरलेला असतो. लोक ऑबफस्केशनवर आठवडा घालवतात आणि मॅप फाइल तिथेच पब्लिक फोल्डरमध्ये पडलेली असते! वेबपॅकमध्ये हिडन सोर्स मॅप असा पर्याय आहे, त्यात मॅप बनतो पण जावास्क्रिप्ट फाइलच्या शेवटी त्याचा पत्ता लिहिला जात नाही. मॅप एरर ट्रॅकिंगच्या टूलला अपलोड करा आणि डिप्लॉय व्हायच्या आधी सर्व्हरच्या फोल्डरमधून काढा. पत्ता लिहिला नाही म्हणून फाइल सापडत नाही असं नसतं, फाइलच्या नावापुढे डॉट-मॅप लावून बघणारे बघतातच.

पायरी ५: ऑबफस्केशन करायची परवानगी आहे का

हे आधी विचारा, काम झाल्यावर नाही. क्रोमचं एक्स्टेंशन बनवताय? गूगलने ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केलं की वेब स्टोअरवर ऑबफस्केट केलेला कोड चालणार नाही, मिनिफाय चालेल. फायरफॉक्सच्या ॲड-ऑनचंही तसंच, मिनिफाय केलं असेल तर मूळ सोर्स तपासणाऱ्यांना द्यावा लागतो. वर्डप्रेसच्या प्लगइन डिरेक्टरीतही कोड माणसाला वाचता आला पाहिजे असा नियम आहे. कारण उघड आहे, मालवेअरवाले हेच तंत्र वापरतात, मग तपासणाऱ्याला तुमचा डिस्काउंटचा फॉर्म्युला आणि त्यांचा पासवर्ड चोरणारा कोड सारखाच दिसतो. याच कारणाने चांगल्या कोडलाही अँटीव्हायरस कधी कधी लाल झेंडा दाखवतो.

पायरी ६: लावायचंच असेल तर थोडंच लावा

कुठे शोभतं ते सांगतो: बॉट ओळखणारी स्क्रिप्ट, गेममधला चीट-डिटेक्शनचा भाग, ग्राहकाच्या मशीनवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधला लायसन्स चेक, पैसे मिळायच्या आधी ग्राहकाला दाखवायचा डेमो. प्रत्येक ठिकाणी लपवायचा भाग छोटा आहे. मग तेवढंच वेगळं मॉड्यूल करा आणि तेवढंच ऑबफस्केट करा, अख्खं बंडल टाकू नका. रिॲक्टचा कोड ऑबफस्केट करून काय मिळणार, तो तर जगाला माहितीये, वर पेज मात्र रखडत चालेल.

सेटिंगबद्दल. रेडीमेड "हाय" प्रीसेट लावायचा मोह होतो, नका लावू. नावं बदलणं आणि स्ट्रिंग ॲरे इथून सुरुवात करा, पेज मोजा, मग फ्लॅटनिंग कमी थ्रेशोल्डने, म्हणजे कोडाच्या थोड्याच भागाला, लावा, परत मोजा. सेल्फ डिफेंडिंग पर्याय लावलात तर त्यानंतर त्या फाइलला काहीही करायचं नाही, त्याच्यावर मिनिफायर चालवला तर कोड स्वतःशीच छेडछाड झाली समजून चालायचाच बंद होतो. म्हणून क्रम असा ठेवा की आधी बंडल, मग मिनिफाय, ऑबफस्केशन शेवटी. डीबग प्रोटेक्शन डेव्हटूल्स उघडणाऱ्याचा ब्राउझर लटकवतं, त्यात तुमचा टेस्टरही आला. कन्सोल बंद करायचा पर्याय फक्त तुमच्या फाइलचा नाही, पेजवरच्या सगळ्याच स्क्रिप्टचा कन्सोल बंद करतो. आणि साइटवर कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी असेल, म्हणजे स्ट्रिंगला कोड म्हणून चालवणारं इव्हॅल बंद असेल, तर टार्गेट "ब्राउझर नो इव्हॅल" निवडा.

एक बारीक गोष्ट, सीड, म्हणजे ऑबफस्केटरच्या रँडम निवडी ज्या आकड्यावरून ठरतात तो. सीड ठरवून दिला नाही तर कोड न बदलताही प्रत्येक बिल्डला आउटपुट वेगळं येतं, मग फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, बदलतो, यूजरचा कॅश वाया जातो, आणि कालच्या एररची आजच्या बिल्डशी तुलना करता येत नाही. कधी कधी दर बिल्डला वेगळं आउटपुट हवंच असतं, बॉटवाल्यांना चकवायला, तेव्हा ठीक. नाहीतर आकडा फिक्स करा.

अँड्रॉइडवाल्यांसाठी वेगळं

इथे गोंधळ गूगलने सेटिंगला दिलेल्या नावामुळेच होतो. ग्रेडल या बिल्ड टूलमध्ये मिनिफाय-एनेबल्ड असं सेटिंग आहे, ते ट्रू केलं की आर-एट हा गूगलचा कंपायलर चालतो आणि तो तीनही कामं करतो, न वापरलेला कोड काढतो, ऑप्टिमाइझ करतो आणि क्लास-मेथडची नावं ए, बी, सी करतो. म्हणजे मिनिफाय म्हणून चालू केलं आणि नावांचं ऑबफस्केशन सोबत आलं. पूर्वी हे काम प्रोगार्ड करायचं, अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ३.४ पासून आर-एट डीफॉल्ट झाला, नियमांची फाइल मात्र अजून प्रोगार्डच्याच भाषेत लिहितात.

हे चालू ठेवाच, साइज कमी होते आणि वरवरचं लपतं. पण आर-एट स्ट्रिंग एन्क्रिप्ट करत नाही. एपीके जॅडएक्स या कोड उलगडून दाखवणाऱ्या टूलमध्ये उघडला की नावं ए-बी-सी दिसतात पण यूआरएल आणि की स्वच्छ वाचता येतात, पायरी २ परत वाचा.

इथलं नेहमीचं रडगाणं म्हणजे डीबग बिल्डमध्ये लिस्ट दिसते, रिलीजमध्ये सगळं नल. जीसनसारखी लायब्ररी फील्डच्या नावावरून जेसन भरते, आर-एटने ते नाव बदललं, जेसनमध्ये तसं नावच नाही. फील्डवर सीरियलाइज्ड-नेम लावा किंवा त्या मॉडेल क्लासना कीप नियम, म्हणजे नावं बदलू नको असं सांगणारे नियम, लिहा. वैतागून अख्ख्या पॅकेजला कीप लावणारे पण असतात, मग आर-एट चालू असून नसल्यासारखाच. दर रिलीजची मॅपिंग-डॉट-टीएक्सटी फाइल त्या व्हर्जनच्या नावाने जपून ठेवा, ती हरवली तर क्रॅश रिपोर्टमधलं "ए डॉट बी" म्हणजे काय ते कुणीच सांगू शकत नाही.

फ्लटरमध्ये ऑबफस्केट फ्लॅग आहे, त्याच्यासोबत डीबग माहिती वेगळ्या फोल्डरमध्ये काढायचा फ्लॅग द्यावा लागतो. ते फोल्डरही असंच सांभाळायचं.

पायरी ७: रिलीज बिल्डवरच टेस्ट करा, मग स्वतःच फोडून बघा

डेव्हलपमेंट मोडमध्ये टेस्ट पास झाल्या याला काही अर्थ नाही, जे पाठवणार त्याच्यावर टेस्ट चालवा. साधा अँड्रॉइड फोन घेऊन पेज उघडा, तुमच्या लॅपटॉपवर १.५ पट स्लो झालेलं जाणवणार पण नाही.

आणि ऑबफस्केट केलं असेल तर त्या फाइलवर वेबक्रॅक चालवा, हे फुकट टूल आहे, स्ट्रिंग ॲरे उलगडतं, फ्लॅट केलेला फ्लो बऱ्यापैकी सरळ करतं. त्यातून जे निघेल ते एखाद्या एआय चॅटबॉटला देऊन व्हेरिएबलला अर्थपूर्ण नावं द्यायला सांगा, हे काम ते आता बऱ्यापैकी करतात. घड्याळ लावून बसा. पायरी २ मध्ये तिसऱ्या प्रश्नाला जे उत्तर लिहिलंय ते समोर ठेवा, "सहा महिने टिकायला हवं" असं लिहिलं असेल आणि जेवायच्या सुट्टीच्या आत तुम्हालाच तुमचा फॉर्म्युला परत मिळाला, तर ऑबफस्केटरची सेटिंग आणखी वाढवत बसू नका, तेवढं फंक्शन उचलून सर्व्हरवर न्या आणि ब्राउझरला फक्त उत्तर पाठवा.